मोठीमायला काही कमी नाही, तरी ती खंगत चाललीय

सुरतवासी खान्देशी:
आमचं गाव अमळनेर तालुक्यात, मी सुरतला कापडाच्या धंद्यात. मोठे बाबा गेल्यापासून मोठीमाय, म्हणजे माझी थोरली काकू, एकटी, मूलबाळ नाही. रेशन मिळतं, संजय गांधी निराधारचे १५०० रुपये खात्यात येतात, वरचं मी पाठवतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, रिपोर्ट चांगले आहेत. तरी बाई खंगत चाललीय. परवा फोनवर म्हणाली, "माले काई कमी नही शे भाऊ. पन दिवसभर मनासंगे कोनी बोलत नही."

कानबाईच्या सणाला, म्हणजे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी, सगळी भाऊबंदकी गावी जमते. हिच्या हातचं पुरण अख्ख्या गल्लीत नावाजलेलं, पण आता विधवा म्हणून तिला ओसरीवर बसवतात. रोटाचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचं, ताट मात्र भरून नेऊन देतात. मला ते ताट बघवत नाही. काय करावं?

धुळेकर:
सुरतला घेऊन या.

तापीकाठची:
सुरतच्या फ्लॅटमध्ये तिच्याशी अहिराणीत कोण बोलणार? दोघं नवरा-बायको कामावर गेले की पुन्हा चार भिंतीच.

मी स्वतः विधवा आहे म्हणून सांगते. तुम्ही तिला देताय, आता तिच्याकडे काही मागा. उन्हाळ्यात ज्वारीचे पापड, आपले बिबडे, मागवा, सुनेला पुरण शिकवायला सांगा. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे तिला कळू द्या.

आणि कानबाईचं म्हणाल, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२च्या मे महिन्यात कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशा विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव होईल तेव्हा होवो, तुमच्या घरातली ओसरी तुमच्या हातात आहे. आमच्याकडे रोटाचा गहू पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने मोजतात. यंदा एक मूठ मोठीमायच्या नावाने घ्या, आणि पुरण तिच्याच हातचं.

जुना मास्तर:
कोणी आडवं आलं तर साने गुरुजींचं नाव काढा. त्यांनी तुमच्याच अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं. १९४७ साली पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. ते भाकरीसाठी नव्हतं, माणसाला दाराबाहेर ठेवू नये यासाठी होतं.

सुरतवासी खान्देशी:
धाकटे काका ऐकतील. चुलत आजोबा अडून बसतील. त्यांच्याशी फोनवर बोलू का?

तापीकाठची:
नको, समोर बसून बोला. नागपंचमीच्या आधीच गावी जा, ऐन रविवारी वाद नको. आणि सगळ्यात आधी मोठीमायला विचारा, तिला काय हवंय ते.