मदत हवी आहे : चिऱ्याची भिंत आणि छतातील दिवे

मालवणजवळील आमच्या घराचे नूतनीकरण सुरू असून दिवाणखान्याची एक भिंत गिलावा न करता उघड्या चिऱ्याचीच (जांभ्या दगडाची) ठेवली आहे. तिचा खडबडीतपणा उठून दिसावा म्हणून भिंतीपासून 15 ते 30 सेंटीमीटरवर, छतात अरुंद झोताचे दिवे बसवून प्रकाश भिंतीलगत खाली सोडण्याचा विचार आहे. परंतु त्यामुळे सांध्यांतील सिमेंटचे ओबडधोबड कामही तितकेच ठळक दिसेल का? दिवे अधिक दूर घेतल्यास प्रकाश सपाट पडून चिऱ्याची सगळी मजाच जाईल, अशी शंका वाटते. रंगाबाबत मात्र मत पक्के आहे : चिऱ्याच्या तांबूसपणाला 3000 केल्विनचा उबदार प्रकाशच शोभतो, आमच्याकडे सर्रास लावला जाणारा 6500 केल्विनचा थंड पांढरा नव्हे.

खरी अडचण छताची आहे. उंची 10 फूट असल्याने संपूर्ण फॉल्स सीलिंग नको. केवळ कडेने पट्टा घेऊन त्यात एलईडी स्ट्रिप लपवावी, असे सुतार सुचवतो. पावसाळ्यातील दमटपणात साधा जिप्सम बोर्ड टिकतो का, की सिमेंट फायबर बोर्ड घ्यावा? शिवाय आयपी 65 हे मानांकन धूळ व पाण्यापासूनच्या संरक्षणाचे असते, खाऱ्या हवेने धातू गंजण्याबद्दल ते काहीच सांगत नाही. तेव्हा किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी पडवीतील दिव्यांसाठी कोणत्या धातूची आवरणे वापरली, आणि स्ट्रिपचे ड्रायव्हर (तिला योग्य वीजपुरवठा करणारी उपकरणे) बदलता यावेत म्हणून ते कोठे ठेवले, हे कृपया कळवावे.