मदत हवी आहे: एचओएचं पत्र आलंय, दिवाळीच्या माळा दहा दिवसांत काढा म्हणतात

माळकरीण
कालच एचओएचं, म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेचं, पत्र आलं. बाहेरच्या माळा आणि आकाशकंदील दहा दिवसांत उतरवा, नाहीतर ५० डॉलर दंड. दिवाळी तोंडावर आलीये! समोरच्यांच्या अंगणात सप्टेंबरपासून हॅलोवीनचा बारा फुटी सांगाडा उभा आहे, त्याला कोणी हात लावत नाही. हा सरळसरळ भेदभाव नाही का? नवरा म्हणतो काढून टाकू, कशाला कटकट. मला काढायच्या नाहीत. लवकर सांगा.

साधा_माणूस
कुठलं राज्य? स्वतंत्र घर की टाउनहाउस? पत्र एचओएचं की सिटीचं? एवढं तरी लिहा हो.

फिलीकर
बिनधास्त ठेवा. आमच्या पेनसिल्व्हेनियात २०२४ मध्ये दिवाळी राज्याचा सण म्हणून कायद्यात आली. अडवून तर दाखवा म्हणावं.

साधा_माणूस
फिलीकर, त्या कायद्याने एचओएचे नियम कुठे बदलतात? तुमच्याकडे त्या दिवशी शाळासुद्धा बंद ठेवायची सक्ती नाहीये.

माळकरीण
टेक्सास. डॅलसच्या उत्तरेला, स्वतंत्र घर. एचओएच. सांगाड्याबद्दल कोणीच बोलत नाहीये.

ओकखालचा
टेक्सास हे आधी सांगायला हवं होतं, सगळं उत्तर त्यावरच आहे. टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडचं (मालमत्ता कायद्याचं) कलम २०२.०१८ वाचा. प्रामाणिक श्रद्धेपोटी लावलेल्या धार्मिक वस्तूंना एचओए मनाई करू शकत नाही. पूर्वी हे फक्त मुख्य दारापुरतं होतं, तेही २५ चौरस इंचांपर्यंत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तुमच्या सगळ्या जागेला लागू झालं. कंदील त्यात बसतो. पत्राला उत्तर म्हणून हे कलमच पाठवा, गप्प बसतील.

सनीवेलची_काकू
कंदील बसेल, माळा बसतील का? आमच्या कॅलिफोर्नियात कायदा दारावरच्या आणि चौकटीवरच्या धार्मिक वस्तूंपुरताच आहे, तोही ३६ बाय १२ इंच. तोरण चालतं. गॅरेजवरच्या झगमगाटाला धार्मिक म्हणायला मी तरी जाणार नाही.

ओकखालचा
काकू, दिवाळीत दिवे लावणं धार्मिक नाही तर काय आहे? 'दीप' नावातच आहे.

सनीवेलची_काकू
मग ख्रिसमसची प्रत्येक माळही धार्मिक. एचओएचा वकील हेच म्हणेल.

अण्णा_सदाशिव
आमच्या सोसायटीत नवा सेक्रेटरी आला आणि जिन्यात पणत्या बंद केल्या. कारण काय, तर तेलाचे डाग. आम्ही पणतीखाली जुनी ताटली ठेवली, प्रश्न मिटला. बाकी कंदील विकतचा आहे का? घरी करा. कामट्या भिजवून घ्यायच्या, पतंगाचा कागद, आणि मैद्याची खळ. फेव्हिकॉल वापरू नका, कागद आकसतो.

माळकरीण
अण्णा, कंदील प्लास्टिकचा आहे, इथे पाऊस येतो.

साधा_माणूस
पत्रात नियम कुठला मोडला लिहिलंय? शब्दशः टाका. आणि माळा नेमक्या कशाला बांधल्यात?

माळकरीण
लिहिलंय की हॅलोवीनची सजावट १ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर आणि 'हॉलिडे लाइट्स' १५ नोव्हेंबर ते १५ जानेवारी. बाकी वेळ नाही. खाली 'कॉमन एरियातील वस्तू' असंही काहीतरी आहे, ते मला लागू नाही. माळा गॅरेजवर, तिथून दारासमोरच्या झाडावर आणि मग खांबावर.

साधा_माणूस
कुठलं झाड? कुठला खांब?

माळकरीण
सायडवॉक आणि रस्त्याच्या मधल्या पट्टीतलं. आणि तिथलाच दिव्याचा खांब. सगळेच बांधतात.

साधा_माणूस
घ्या! तिसऱ्या खेपेला कळलं. ओकखालचा, तुमच्याच कलमात अपवाद आहेत ना? एचओएच्या मालकीच्या जागेवर लावलेलं चालत नाही, रस्त्याच्या हद्दीत चालत नाही, दिव्याच्या खांबाला बांधलेलं तर अजिबात नाही. ताई, खांबावरची माळ आजच्या आज सोडा, झाडावरचीही. ते लागू नाही म्हणता, पण तेवढंच तर पक्कं लागू आहे.

ओकखालचा
अपवाद आहेत, मान्य. पण म्हणून सगळंच उतरवायला सांगता येत नाही.

साधा_माणूस
मी कुठे सांगितलं सगळं उतरवा? घरावरचं राहू दे. पत्र सर्टिफाइड मेलने, म्हणजे नोंदणी केलेल्या टपालाने, आलं का?

माळकरीण
हिरवं स्टिकर होतं, सही करून घेतलं. बहुतेक तेच.

साधा_माणूस
मग दुसऱ्या पानावर सुनावणी मागायचा हक्क लिहिलेला असेल. पत्र टपालात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागा, बोर्डाला पुढच्या ३० दिवसांत ती घ्यावी लागते. फोनवर भांडू नका. आणि सांगाडा विसरा. तो तारखांमध्ये बसतो, सप्टेंबरचे दिवस सोडून. तुमचा खरा मुद्दा हा की ज्याने सजावटीच्या तारखांचा तक्ता केला त्याने हॅलोवीन आणि ख्रिसमस एवढेच सण धरलेत. ऑक्टोबरातल्या दिवाळीला त्यात जागाच नाही. पुढच्या वर्षी, २०२६ मध्ये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तेव्हाही १५ तारखेच्या आधीच येणार. सुनावणीत दंड माफ मागाच, पण तक्त्यात दिवाळीच्या तारखा घालून मागा.

फिलीकर
२१ ऑक्टोबरला एक दिवस लावा आणि २२ ला काढा, कशाला वाद?

सनीवेलची_काकू
२१ कशी? अमेरिकेत अमावस्या २० च्या पहाटेच लागते आणि २१ ला सकाळी संपते. इथे लक्ष्मीपूजन २० लाच.

फिलीकर
आमच्या मंडळाने २१ दिलीये, महाराष्ट्राप्रमाणे.

सनीवेलची_काकू
मंडळाने दिली म्हणून तिथी बदलते का? पंचांग आपल्या गावचं बघायचं असतं.

अण्णा_सदाशिव
आणि माळा एका दिवसात कशा काढणार? कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात.

माळकरीण
तेच मी नवऱ्याला सांगतेय. खांब आणि झाड मोकळं केलं. सुनावणीचं पत्र उद्या टाकते. शेजारीण आज म्हणाली की तक्रार तिनेच केली होती, माळ लुकलुकते ती तिच्या बेडरूमच्या खिडकीत येते म्हणून. मला आधी सांगितलं असतं तर! आता ती माळ न लुकलुकता कशी लावायची? बटण दाबलं की आठ प्रकार फिरतात, पण वीज गेली की परत पहिल्यावर येते.

ओकखालचा
कुठली माळ आहे? कंट्रोलरचा फोटो टाका.