छोट्या सर्व्हरसाठी अल्पाइन घ्यावे की डेबियन?

प्रश्न

आमच्या संस्थेचा सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवर आहे. त्याला ३० जून २०२४ नंतर सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत आणि तरीही तो चालूच आहे, हे आधीच कबूल करतो. १ जीबी रॅमच्या भाड्याच्या यंत्रावर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, पायथनमधले एक नोंदणी-ॲप आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस एवढेच चालते. नव्याने उभारणी करताना कमीत कमी सामानाची डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच, जसे अल्पाइन किंवा डेबियन) हवी आहे. अल्पाइनची मूळ कंटेनर इमेज (ॲप बंदिस्त करून चालवण्यासाठीचा पाया) जेमतेम पाच एमबीच्या आसपास असते हे पाहून मन तिकडे ओढ घेते. पण देखभाल करणारा मी एकटाच, तीही नोकरी सांभाळून. काय निवडावे?

उत्तर १

डेबियन १३ घ्या. डिस्कवर किती एमबी वाचले यापेक्षा बाहेरून किती पोर्ट (नेटवर्कवरून आत येण्याची दारे) उघडे दिसतात आणि पॅच, म्हणजे दुरुस्त्या, किती वर्षे मिळत राहतील, हे तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे. डेबियनच्या आवृत्तीला तीन वर्षे आणि पुढे एलटीएसची (दीर्घ मुदतीच्या आधाराची) दोन, अशी पाच वर्षे मिळतात. अल्पाइनच्या मेन रिपॉझिटरीला (मुख्य पॅकेज-साठ्याला) दोन वर्षे, आणि कम्युनिटी या दुसऱ्या साठ्यातल्या पॅकेजांना फक्त पुढची आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने.

शिवाय अल्पाइनमध्ये जीलिबसीऐवजी मसल आहे; दोन्ही सी भाषेच्या मूळ लायब्ररी, ज्यांवर बाकी प्रोग्रॅम चालतात. पायथनची बरीच तयार व्हील्स (आधीच कंपाइल केलेली पॅकेजे) जीलिबसीसाठी बांधलेली असतात. मसलसाठीचे मानक २०२१ मध्ये आले, पण प्रत्येक लायब्ररीने ते अजून उचललेले नाही. मग पॅकेज जागेवरच कंपाइल करावे लागते, १ जीबी रॅम अपुरी पडते, आणि सामान कमी करायला निघालेल्या माणसाच्या सर्व्हरवर अखेर अख्खा कंपायलर येऊन बसतो.

नेटइन्स्ट (नेटवर्कवरून पॅकेजे आणणाऱ्या छोट्या) इमेजवरून इन्स्टॉल करताना सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर एसएसएच सर्व्हर (दुरून सुरक्षित लॉगिन देणारा) सोडून बाकी सगळ्या खुणा काढा. प्रोग्रॅमांना मर्यादेत ठेवणारे ॲपआर्मर २०१९ च्या डेबियन १० पासून आपोआप चालू असते. आपोआप दुरुस्त्या बसवणारे अनअटेंडेड-अपग्रेड्स मात्र आठवणीने लावा.

उत्तर २

पायथनबाबत सहमत आहे, पण अल्पाइनची बाजू इतक्या झटपट निकालात काढू नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल-संकोचन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत सापडलेले चोरदार (बॅकडोर) आठवा. एसएसएच सर्व्हर पुरवणाऱ्या ओपनएसएसएचला एक्सझेडची मुळात गरजच नव्हती. काही डिस्ट्रोंनी सिस्टमडीला (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रणालीला) सूचना देता यावी म्हणून त्याला एक पॅच जोडला, आणि त्या साखळीतून एक्सझेडची लायब्ररी लिबएलझेडएमए थेट एसएसएचडी या लॉगिन-सेवेत शिरली. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या शंकेमुळे ते उघडकीस आले. अल्पाइनमध्ये सिस्टमडी नाही, त्यामुळे ती साखळीच तिथे तयार होत नाही. अर्थात डेबियनच्या स्थिर आवृत्तीतही त्या वेळी जुने एक्सझेड असल्याने ती सुटली, हेही सांगायला हवे.

नुसता रिव्हर्स प्रॉक्सी (मागणी पुढच्या सर्व्हरकडे पाठवणारा) असता तर मी डोळे मिटून अल्पाइन सुचवले असते. पोस्टग्रेस आणि पायथन एकत्र असताना, तेही एकट्याने सांभाळायचे असताना, डेबियनच बरे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. उघडी पोर्ट पाहावीत म्हणून जुन्या सर्व्हरवर ‘एसएस -टीएलएनपी’ चालवले. १११ वर आरपीसीबाइंड (इतर सेवांची पोर्ट सांगणारी सेवा) ऐकत बसले आहे, जे मी कधी मागितल्याचे आठवत नाही. त्याहून वाईट म्हणजे ५४३२ वर पोस्टग्रेस साऱ्या जगासाठी खुले आहे. कधीतरी चाचणीसाठी मीच सेटिंग बदलले होते आणि परत फिरवायचे विसरलो.

उत्तर १

ते पोर्ट फायरवॉलमध्ये आजच बंद करा, स्थलांतराची वाट पाहू नका. नव्या सर्व्हरवर ॲप आणि पोस्टग्रेस एकाच यंत्रावर असल्याने ‘लिसन_ॲड्रेसेस’ (पोस्टग्रेस कोणत्या पत्त्यांवर ऐकते ते ठरवणारे सेटिंग) रिकामे ठेवून युनिक्स सॉकेटवरच (यंत्राच्या आतल्या जोडणीवरच) काम भागवता येईल. मग ५४३२ मुळी उघडणारच नाही. डेटाबेसची प्रत (डंप) मात्र नव्या आवृत्तीच्या पीजी_डंप या साधनाने, एसएसएच टनेलमधून (कूटबद्ध जोडणीतून) घ्या. जुन्या यंत्रावरच्या पीजी_डंपने घेऊ नका.