आईचं तोंड एका बाजूला वाकडं झालंय, लकवा आहे का?

आज सकाळी आई चूळ भरत होती तर पाणी डाव्या कोपऱ्यातून नुसतं गळत होतं, मग बघितलं तर डावा डोळा पण मिटेना. हातापायात ताकद आहे, बोलते पण नीट. खूप घाबरलोय, काय करू?

उत्तर १: आधी हॉस्पिटल गाठा, इथे वाट बघू नका. ऐकून बेल्स पाल्सी वाटतेय, म्हणजे चेहरा हलवणारी नस (मेंदूतून निघणारी सातवी) सुजते आणि कानामागच्या हाडाच्या अरुंद बोगद्यात दबते. त्यात कपाळाला पण आठ्या पडत नाहीत, स्ट्रोकमध्ये, म्हणजे मेंदूच्या झटक्यात, बहुतेकदा कपाळ हलतं. पण हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. स्टेरॉइड ७२ तासांच्या आत सुरू झालं तर फायदा जास्त, म्हणून घाई करा.

उत्तर २: मला झालं होतं. सगळ्यात जास्त त्रास डोळ्याचा, पापणी मिटत नाही म्हणून बुबुळ कोरडं पडतं आणि जखम होऊ शकते, तेव्हा दिवसा ड्रॉप्स, रात्री मलम लावून पापणी हलक्या हाताने मिटवून टेप लावायचे, हे अजिबात चुकवू नका. तिसऱ्या आठवड्यात भुवई जराशी हलली आणि मी आरशासमोरच रडले. बहुतेक लोक बरे होतात, काहींना ६ महिने पण लागतात. आईला एकटं वाटू देऊ नका हो.

प्रश्नकर्ता: कपाळ पण हलत नाहीये. निघालोच आम्ही, खूप आभार.