'मृदुकाय' की 'मृदुकवची'? फलकासाठी नेमका शब्द हवा

शाळा_फलक (पुणे):
विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी फलक करतोय. खेकडा, कोळंबी, शेवंड यांच्या गटाचं शास्त्रीय नाव 'मॅलॅकोस्ट्रॅका', म्हणजे मऊ कवचाचे. पण खेकड्याची पाठ तर टणक असते! एका फलकावर 'मृदुकाय' लिहून झालंय, ते चालेल का? मऊ पाठीचं कासवही याच टेबलावर ठेवायचं का?

शब्दांची_पेटी:
'मृदुकाय' ताबडतोब खोडा. तो शब्द गोगलगाय, तिसऱ्या, माकूल यांचा. त्यांचं अंग मऊ असतं, कवच नव्हे. खेकडा संधिपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांचा, त्यातही कवचधारी. मॅलॅकोस्ट्रॅकाला 'मृदुकवची' बसतो.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय यांनी 1802 मध्ये हे नाव गटाला दिलं, पण शब्द अ‍ॅरिस्टॉटलच्या वेळचा आहे. 'मॅलॅकोस' म्हणजे मऊ. 'ऑस्ट्रॅकॉन' म्हणजे कवच, आणि खापरही. शिंपला खापरासारखा फुटतो, खेकड्याचं कवच दाबलं की चेपतं. त्या तुलनेत ते मऊ. मुलांना हे नुसतं वाचून पटणार नाही, हातात द्यायला हवं.

प्रयोगवही:
हातात द्यायला सोपं आहे. खाऊन उरलेली खेकड्याची पाठ आणि तिसऱ्यांचे शिंपले घ्या, मांस पूर्ण खरवडा. दोन वेगळ्या काचेच्या बरण्यांत ते बुडतील एवढा पांढरा व्हिनेगर ओता. बुडबुडे येतील, तो कवचातल्या चुन्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड. झाकण घट्ट लावू नका, वायू कोंडतो. व्हिनेगर रोज बदला, नाहीतर आम्ल संपून काम थांबतं.

दोन-तीन दिवसांत खेकड्याची पाठ वाकू लागते, कारण चुना गेला तरी कायटिन या चिवट पदार्थाचा पडदा आकार धरून राहतो. नांगी जाड, तिला जास्त दिवस लागतात. शिंपला जवळजवळ सगळा चुन्याचाच, म्हणून तो हळूहळू झिजतो आणि शेवटी पातळ पापुद्रे उरतात. वाकलेली पाठ प्रदर्शनभर पाण्यातच ठेवा. सुकली की पुन्हा ताठ होऊन तडकते.

कुंडीखालचे_जग:
खेकडा खरोखर मऊ असतो तो कात टाकल्यावर. जुन्या कवचाखाली नवं तयार झालेलं असतं. बाहेर पडताच तो पाणी शोषून फुगतो, मग कवच कडक होतं. तोवर तो लपून बसतो.

कुंडीखाली सात पायजोड्यांचे राखाडी किडे दिसतात ना? तेही मृदुकवचीच. आधी मागचा अर्धा भाग कात टाकतो, मग पुढचा. अर्धा पांढरट दिसला तर आजारी समजू नका.

नदीकाठ:
कासव वेगळ्या टेबलावर. तो पाठीचा कणा असलेला सरपटणारा प्राणी, नाव जुळलं म्हणून नातं जुळत नाही. त्याच्या पाठीखाली हाडं आहेतच, फक्त वर खवल्यांऐवजी चामडं असतं. पुण्याचा संबंध मात्र फलकावर जरूर लिहा: लीथचं मऊ पाठीचं कासव 1872 मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी शास्त्रीय नावानिशी नोंदवलं ते पुण्याच्या नमुन्यावरून.

जिवंत कासव आणू नका. वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, शिवाय मान लांब काढून जोरात चावतं. चित्रच लावा. कुठे जखमी दिसलं तर वनविभागाचा 1926 क्रमांक.

शाळा_फलक:
'मृदुकाय' खोडला. तिसऱ्यांच्या बरणीला किती दिवस आधी सुरुवात करू?

प्रयोगवही:
निदान आठ दिवस. एक शिंपला कोरडा, तसाच शेजारी ठेवा, म्हणजे झीज दिसेल.