माशीला ‘हजारो डोळे’ म्हणायचं का? संयुक्त डोळा, नेत्रिका, भिंग

लहान मुलांसाठी कीटकांवर लिहितोय. “माशीला हजारो डोळे असतात” हे वाक्य व्हिडिओत, पुस्तकांत सगळीकडे दिसतं, एके ठिकाणी तर माशीला सहस्राक्ष म्हटलंय. हे बरोबर आहे का? आणि डोळ्याच्या त्या एकेका बारक्या भागाला नुसतं भिंग म्हटलं तर चालेल?

—

हजारो डोळे नका लिहू प्लीज. माशीचे मोठे डोळे दोनच, त्यांनाच संयुक्त डोळे म्हणतात, वर डोक्याच्या मधोमध त्रिकोणात बसलेले तीन बारके साधे डोळे, म्हणजे झाले पाच. हजारो असतात ते त्या मोठ्या डोळ्याचे भाग, घरमाशीच्या एका डोळ्यात ३००० च्या वर, फळमाशीच्या साधारण ७५०.

भिंग म्हणजे फक्त वरचं पारदर्शक झाकण झालं. त्याच्याखाली शंकू असतो, त्याखाली उजेड टिपणाऱ्या आठ लांबट पेशी आणि कडेने रंगद्रव्याचं अस्तर, म्हणजे शेजारचा उजेड आत झिरपू नये. हे सगळं मिळून जे युनिट होतं त्याला मी नेत्रिका लिहिते. आणि वरून मोठं करून बघितल्यावर जे षट्कोन दिसतात त्यांना पैलू म्हणा, हिऱ्याला पाडतात तेच, मुलांना पटकन कळेल.

—

पण मग प्रत्येक नेत्रिकेत अख्खं चित्र दिसतं ना? सिनेमात दाखवतात तसं, एकच माणूस शंभरदा?

—

नाही हो, तसं नाहीये. एक पेशी एकाच दिशेचा उजेड मोजते, तिच्यासाठी तो एक ठिपका, आणि असे ठिपके शेजारी शेजारी मांडून एकच चित्र होतं. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलरने १८२६ मध्येच हे मांडलं होतं.

माशीत तर अजून भारी प्रकार आहे. एका भिंगाखालच्या पेशी थोड्या थोड्या वेगळ्या दिशांना बघतात, आणि शेजारशेजारच्या सहा भिंगांखालच्या ज्या सहा पेशी बाहेरच्या एकाच बिंदूकडे रोखलेल्या असतात त्यांच्या वायरी मागे एकाच ठिकाणी येऊन जुळतात, म्हणजे एका बिंदूचा सिग्नल सहापट आणि चित्र मात्र धूसर होत नाही, कमी उजेडात याचा मोठा फायदा. जर्मन शास्त्रज्ञ कुनो किर्शफेल्डने १९६७ मध्ये ही जोडणी दाखवली. म्हणून मला संयुक्त हा शब्द फार आवडतो, माशीच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे.

—

‘माशीची तीक्ष्ण नजर’ असं लिहिलेलं पण दिसतं, ते?

—

ते चूकच. फळमाशीच्या शेजारच्या दोन नेत्रिकांच्या दिशांमध्ये सुमारे ५ अंशांचा फरक असतो, म्हणजे हात लांब करून तीन बोटं धरली तर तेवढी जागा तिला जेमतेम एक ठिपका. आपल्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक दिसतं. तीक्ष्ण नजर घारीची. माशीची नजर चपळ म्हणा, कारण सेकंदाला ६० च्या आसपास लुकलुकणारा दिवा आपल्याला सलग पेटलेला वाटतो, माशीला २०० च्या वरही लुकलुकणं कळतं. तुमचा हात कितीही झटकन येऊ दे, तिला तो सावकाश येताना दिसतो, म्हणून निसटते.

अजून एक, ‘डोळे फिरवले’, ‘डोळे मिटले’ असलं काही कीटकांबद्दल लिहू नका. डोळा डोक्याच्या कवचातच पक्का बसलेला, पापणी नाही, धूळ बसली की पुढच्या पायांनी पुसायची. प्रार्थना कीटकाच्या डोळ्यात काळा ठिपका दिसतो, तुम्ही जिकडे सरकाल तिकडे तोही सरकतो, पण ती खरी बाहुली नव्हे, ज्या नेत्रिका बरोबर तुमच्या दिशेला रोखलेल्या असतात त्या उजेड गिळतात आणि तेवढा भाग काळा दिसतो. त्याला आभासी बाहुली म्हणता येईल.