युरो फायनल 2025: बेथ मीडची पेनल्टी परत का मारायला लावली?

कॉर्नरकिक:
मंडळी, महिला युरोची (युरोपातल्या देशांची स्पर्धा) इंग्लंड-स्पेनची बाझलची फायनल आत्ता रेकॉर्डिंगवर पूर्ण बघितली आणि एक गोष्ट डोक्यावरून गेली. शूटआउटची (बरोबरी सुटली नाही की पेनल्टी मारून निकाल) पहिलीच पेनल्टी इंग्लंडच्या बेथ मीडची, मारताना पाय घसरला तरी बॉल आत गेला, मग रेफरीने गोल धरला नाही, परत मार म्हणाली, आणि परत मारलेली स्पेनची कीपर काटा कोलने अडवली. आता 2025 च्याच मार्चमध्ये पुरुषांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) अ‍ॅटलेटिकोच्या हुलियन अल्वारेझचं रिआल माद्रिदविरुद्ध सेम टू सेम झालं होतं, तोही घसरला, बॉल आत, पण त्याची सरळ मिस धरली, परत चान्स वगैरे काही नाही. मग हे काय, पुरुषांना एक नियम आणि बायकांना दुसरा? की इंग्लंडला झुकतं माप?

आणि दुसरं, बॉल बहुतेक वेळ स्पेनकडे, इंग्लंड 120 मिनिटांत एकदाही पुढे नाही, तरी कप इंग्लंडचा. हे नशीब नाही तर काय ते कोणीतरी पटवून द्या.

जुनाकीपर:
झुकतं माप वगैरे काही नाही, मधल्या काळात नियमाचा खुलासा आला. पेनल्टी मारणाऱ्याने बॉलला एकदा पाय लावला की दुसऱ्या कोणाचा स्पर्श होईपर्यंत त्याने परत लावायचा नाही, हे पूर्वीपासून आहे. पण तो नियम मुळात मुद्दाम दोनदा लावणाऱ्यांसाठी होता, म्हणजे बॉल पोस्टला लागून परत आला आणि त्यानेच पुन्हा मारला असला प्रकार. घसरून एकाच क्षणी दोन्ही पाय लागले तर काय करायचं हे स्पष्ट लिहिलेलंच नव्हतं. अल्वारेझच्या वेळी व्हीएआरने (व्हिडिओ रेफरी) मिस दिली, त्यावर बोंबाबोंब झाली, युएफानेही (युरोपची फुटबॉल संघटना) विषय लावून धरला, आणि जून 2025 मध्ये आयएफएबीने (फुटबॉलचे नियम करणारी संस्था) सांगितलं की चुकून दोनदा लागला आणि गोल झाला तर पेनल्टी परत घ्यायची. युरो सुरू झाली 2 जुलैला, म्हणजे खुलासा ताजा ताजा होता. अल्वारेझ चार महिने उशिरा घसरला असता तर त्यालाही परत मारायला मिळाली असती.

आता गंमत बघा. त्याचा फायदा मीडला झालाच नाही, उलट एकदा जाळ्यात गेलेली पेनल्टी परत मारून ती हुकली. त्यामुळे रेफरी फ्रापारने इंग्लंडला मदत केली म्हणणाऱ्यांनी आधी स्कोअर बघावा, त्या क्षणी शूटआउटमध्ये 0-0 होता आणि लगेच पात्री गिहारोने मारून स्पेन 1-0 पुढे.

टिकीटाका_फॅन:
नियम ठीक आहे हो, पण माझा जीव वेगळ्याच गोष्टीवर जळतोय. आपल्या स्पेनच्या मारिओनाने 25व्या मिनिटाला काय हेडर मारला, ओना बातयेचा क्रॉस, इंग्लंडचा डिफेन्स बघत बसला, तिथून मॅच आपली वाटत होती. मग दुसरा गोल का नाही केला? बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे, बॉक्सजवळ गेलं की अजून एक पास, अरे मारा की कोणीतरी! आणि आपली स्टार आलेक्सिया, तिला 71व्या मिनिटाला बाहेर काढलं, म्हणजे शूटआउटची वेळ आली तेव्हा ती बाकावर. तेव्हाची कोच मोन्त्से तोमेला हे कोणी विचारलं की नाही माहीत नाही पण मी विचारतोय. पुढे मारिओनाची अडवली, आयतानाची अडवली, सालमाची तर बाहेरच. तिघींपैकी एकीने जरी मारली असती ना. बिचारी आयताना, स्पर्धेच्या आधी व्हायरल मेनिन्जायटिसने हॉस्पिटलात होती, तिथून येऊन जर्मनीविरुद्ध सेमीत 113व्या मिनिटाला गोल केला, स्पर्धेची बेस्ट प्लेयर ठरली, आणि शेवटी हे.

2023 ला सिडनीत वर्ल्डकप फायनल याच इंग्लंडला 1-0 हरवून जिंकलो होतो, तेव्हा ओल्गा कार्मोनाचा एक गोल पुरला. एक गोल दरवेळी पुरत नाही एवढंच.

लालपांढरा:
आलेक्सियाचं दुःख समजू शकतो पण 120 मिनिटं जाणार हे 71व्या मिनिटाला कोणाला माहीत असतं.

कॉर्नरकिक, तुझ्या "नशीब" वर येतो. नशीब एकदा लागतं, दोनदा लागतं, ही टीम अख्खी नॉकआउट अशीच खेळली. क्वार्टरला स्वीडनविरुद्ध 0-2 मागे, तिथून 2-2, आणि तो शूटआउट आठवतोय ना, 14 पेनल्टीपैकी 9 हुकल्या, स्वीडनची कीपर फाल्क स्वतः मारायला आली, तिची आत गेली असती तर विषय संपला होता, तिने बारवरून घालवली. सेमीत इटलीविरुद्ध 96व्या मिनिटाला 19 वर्षांच्या मिशेल अजेमांगने बरोबरी केली आणि 119व्याला क्लोई केलीने गोल केला, तोही पेनल्टी अडवल्यावर रिबाउंडवर. मागे पडल्यावर या पोरी घाबरत नाहीत हे आता मान्य करायला हरकत नाही.

आणि फायनल खरी फिरली ती 41व्या मिनिटाला, लॉरेन जेम्स जखमी होऊन बाहेर गेली आणि केली आली. 57व्या मिनिटाला डावीकडून तिचाच क्रॉस आणि रुसोचं डोकं, 1-1. ही तीच केली बरं का, जानेवारीत मँचेस्टर सिटीत जागा मिळत नव्हती म्हणून लोनवर (तात्पुरती) आर्सेनलला आली, मे महिन्यात लिस्बनमध्ये बार्सिलोनाला 1-0 हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली आणि जुलैत हे. 2022 ला वेम्बलीवर जर्मनीविरुद्ध 110व्या मिनिटाचा विनिंग गोलही हिचाच. शेवटची पेनल्टी घ्यायला आली तेव्हा माझ्या बाजूचा म्हणाला हुकणार, मी म्हटलं ही मारते. ते एक गुडघा वर घेऊन उडी मारल्यासारखं करते ना, तिथेच कीपरचा अर्धा जीव जातो.

अजून एक, दोन्ही टीमच्या फील्ड गोलचा हिशोब आर्सेनलच्या ड्रेसिंग रूममध्येच आहे. मारिओना आणि रुसो एकाच क्लबच्या 😄

जुनाकीपर:
सगळे मारणाऱ्यांवरच बोलताय, गोलमध्ये कोण उभं होतं ते बघा जरा. इंग्लंडच्या हॅना हॅम्प्टनने मारिओना आणि आयताना, दोघींची अडवली. तोवर बॉलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) दोनदा घेतलेल्या आयतानाची पेनल्टी अडवणं म्हणजे अंदाज लागला आणि झालं असं नसतं, कोण कुठे मारतं याचा अभ्यास असतो, तिने हाताला चिठ्ठी चिकटवली होती. आणि नंतर तिने स्वतःच सांगितलं की कोलच्या बाटलीवर इंग्लंडच्या मुलींची माहिती होती, ती बाटली हिने उचलून प्रेक्षकांत फेकून दिली. आता हे खिलाडूवृत्तीत बसतं की नाही यावर भांडा, मी हसलो. कीपरची जात अशीच असते. लहानपणी डोळ्याच्या त्रासामुळे तिला फुटबॉल खेळता येणार नाही असं सांगितलं होतं, हे डोक्यात ठेवून ते दोन सेव्ह परत बघा.

कोलवरही अन्याय नको, तिने मीड आणि कॅप्टन लीह विल्यमसन, दोघींची अडवली. दोन्ही बाजूंच्या कीपरने दोन-दोन काढल्या, फरक पडला तो सालमाच्या बाहेर गेलेल्या बॉलचा. ग्रीनवूड, चार्ल्स आणि केलीची आत, तिकडे फक्त पात्रीची. 3-1.

सहज_एक:
लुसी ब्रॉन्झबद्दल कोणीच नाही बोललं?? अख्खी स्पर्धा नडगीचं हाड फ्रॅक्चर असताना खेळली, स्वीडनविरुद्ध हेडरने गोल, वर शूटआउटचा निर्णायक शॉटही हिचाच. हे फायनलनंतर सांगितलं तिने. मला साधा पाय मुरगळला तर दोन दिवस सुट्टी लागते.

आणि जेस कार्टर, स्वीडनच्या मॅचनंतर तिला ऑनलाइन वर्णद्वेषी शिव्या आल्या, सेमीला बाहेर बसली, फायनलला सुरुवातीपासून खेळली आणि बचावात एक पाऊल हलली नाही.

कॉर्नरकिक:
मीडचं आता क्लिअर झालं. नशीबवाला मुद्दा अर्धा मागे घेतो, अर्धा ठेवतो, कारण फाल्कची ती पेनल्टी खरंच नशीब होतं 😂 एक शंका अजून: समजा घसरल्यावर दोनदा पाय लागला आणि बॉल आत न जाता कीपरनेच अडवला असता, तरी परत मारायला मिळाली असती का?

जुनाकीपर:
नाही, गोल झाला तरच परत. शूटआउटमध्ये ती सरळ मिस म्हणून लिहिली जाते. मॅच चालू असताना असं झालं तर गोल नसेल तेव्हा समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत). फक्त कीपरच लाइन सोडून आधी पुढे आलेला असेल तर वेगळं प्रकरण, अडवणाऱ्याचा निदान एक पाय लाइनवर, लाइनच्या सरळ वर किंवा लाइनच्या मागे पाहिजे किक लागताना. फायनलमध्ये तसं काही दिलं नाही.

टिकीटाका_फॅन:
आलेक्सिया मैदानात असती तर हे सगळं नियमपुराण लागलंच नसतं.